मागचा पडदा

शहापूर-मुरबाडच्या बाजूला माणसाचे चित्र बहुधा तो गेल्यावर काढतात. हयातीत कुणी समोर बसत नाही. वेळ नसतो, हौस नसते, आणि जिवंत माणसाचा मोठा फोटो भिंतीवर लावणे अशुभ मानणारेही पुष्कळ. माणूस गेला, दहावा-तेरावा झाला, की मात्र घाई सुटते. वर्षश्राद्धाला चौकट भिंतीवर हवीच. मग रेशनकार्डावरचा, मतदार ओळखपत्रावरचा, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या अल्बममधला मागच्या रांगेतला नखाएवढा चेहरा घेऊन लोक माझ्याकडे येतात.

मी पेशाने चित्रकला शिक्षक. ए.टी.डी. केले आणि किन्हवलीकडच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत मुलांकडून एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी स्थिरचित्रे आणि संकल्पचित्रे घोटून घेतली. राहायला शहापुरात, मूळ गाव मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. फोटोवरून व्यक्तिचित्र काढून देणे हा जोडधंदा. फोटोवर चौकटी आखायच्या, त्याच प्रमाणात मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखायच्या आणि घरे मोजत चेहरा उतरवायचा. फ्लेक्सवाले आले आणि धंदा बसला. तासाभरात हारासकट, ढगांसकट, 'भावपूर्ण श्रद्धांजली'सकट फोटो मिळतो म्हटल्यावर तैलरंग वाळायची वाट कोण बघणार? तरी काही घरे अजून हाताने काढलेलेच मागतात.

आणि मागताना फोटोत नसलेले सगळे मागतात. "मास्तर, आयचे डोले जरा उघडे करा." "गल्यात बोरमाल घाला." ती बोरमाळ मधल्या बहिणीच्या लग्नात मोडलेली असते, हे सगळ्या घराला ठाऊक असते, पण चित्रात ती हवी. ज्या बापाने जन्मभर गांधी टोपीखेरीज काही घातले नाही त्याला फेटा हवा. कलाशाळेत आमच्यावर एकच संस्कार झाला होता : समोर दिसते ते काढा. जास्तीचे दागिने, जरी, सोनेरी वर्तुळे म्हणजे 'कॅलेंडर', आणि कॅलेंडर ही आमच्या वर्गातली शिवी होती. मी पैसे घेऊन बोरमाळ काढत असे आणि मनात तिला चित्रकलेच्या बाहेर ठेवत असे.

पडद्यांचेही तसेच. तरुणपणी मी म्हसाच्या जत्रेसाठी फोटोवाल्यांचे पडदे रंगवले आहेत. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसा इथे ही जत्रा भरते. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्या, तमाशाचे फड, आणि एका बाजूला फोटो काढणाऱ्यांचे तंबू. मागे ताजमहाल, विमान, कारंजे असलेला बंगला किंवा माहुलीचा किल्ला. नवरा-बायको त्यापुढे ताठ उभी राहत. कुठल्या पडद्यापुढे उभे राहायचे यावर तंबूच्या दारात भांडणे होत, ती मी ऐकलेली आहेत. बाईला विमान हवे असे, पुरुषाला किल्ला.

असा सगळा माझा अनुभव, आणि त्यात एका पावसाळ्यात ठाण्याहून एक गृहस्थ आले. पंच्याहत्तरीच्या आसपासचे, आसनगावला लोकलमधून उतरून रिक्षाने. नाव लिहीत नाही, नुसते काका म्हणतो. आडनाव रायगड जिल्ह्यातल्या एका गावावरून पडलेले, शेवटी 'कर'. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी एक काळा-पांढरा फोटो काढला. नऊवारी नेसलेली म्हातारी, डोईवर पदर, नाकात नथ, गळ्यात काळे मणी. कागदाला कपाळापाशी घडी पडून पापुद्रा निघालेला.

"कपाळावर कुंकू काढू नका," ते म्हणाले. "आमच्या घरात नव्हतं. आम्ही बेने इस्राईल. ज्यू."

मी फोटो उजेडात धरला. चेहरा पाहण्याची मला सवय आहे. गालाचे हाड, जबडा, डोळ्यांवरची कातडी यांवरून चित्रकाराला बरेच कळते असा आमचा समज. या म्हातारीच्या तोंडवळ्याच्या बाया मी किन्हवलीच्या बाजारात दर आठवड्याला बघतो. कुणब्याची, आगऱ्याची, कुणाचीही आजी. मी तसे म्हणालो, तर ते हसले. "हाच तर प्रॉब्लेम आहे, सर. चित्र बघणाऱ्याला कळलं पाहिजे."

ठाण्यात चित्रकारांची वाण नाही. तिथून इतक्या लांब यायचे कारण म्हणजे फोटोतली त्यांची आजी कसाऱ्याची. म्हणजे माहेर-सासर दोन्ही अलिबागकडचे, पण नवरा जी.आय.पी. रेल्वेत लागला आणि संसार कसाऱ्याच्या रेल्वे चाळीत झाला. बेने इस्राईल मंडळींत रेल्वे, टपाल, पोलीस, लष्कर, इस्पितळे अशा नोकऱ्या फार. कोकणात त्यांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाववाले त्यांना शनवार तेली म्हणत. इंग्रजी अमलात मुंबईची वाट सापडली आणि घाणे सुटले. कसारा म्हणजे थळ घाटाचा पायथा. १८६५ साली घाटाचा मार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला, तेव्हापासून गाडी इथे थांबते, मागे जादा इंजिन लागते आणि मग ती चढते. इंजिनांमुळे माणसे आली, माणसांसाठी चाळी आल्या, आणि अशाच एका खोलीत ही बाई शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल आणि त्यात वात सोडून दिवा लावत असे.

"आजोबांना शनिवारी ड्युटी लागली की ती दिवसभर त्यांच्याशी बोलायची नाही," काका सांगत होते. "रविवारी बोलायची, पण टोमणे मारून."

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कसाऱ्यात तेवढे कधी जमत नसत. सणाला सगळे गाडीने ठाण्याला जात. नव्या वर्षाला आजी गव्हाच्या चिकाचा हलवा करायची, नारळाच्या दुधात. मांसाहाराबरोबर दुधदुभते चालत नाही, म्हणून त्यांच्या स्वयंपाकात नारळाच्या दुधाचा वापर मोठा. हलवा तासन्‌तास ढवळावा लागतो. शेजारची मराठा, ख्रिश्चन, मुसलमान पोरे आळीपाळीने ढवळायला बसत आणि वड्या घेऊन जात. तो कुठल्या सणाचा हलवा हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसे.

मी विचारले, मागे काय काढू? धंद्यातला नेहमीचा प्रश्न. उत्तर देण्याऐवजी त्यांनी मोबाइल पुढे केला.

पडद्यावर निळी बाई होती. अनेक हात, मेनोराच्या, म्हणजे ज्यूंच्या दीपवृक्षाच्या, शाखांसारखे वर गेलेले. अंगावर साडी, कडेने मोगल चित्रांत असते तशी बारीक नक्षी आणि सोन्याचा वर्ख. शेजारी माझी नात दहावीचा अभ्यास करत बसली होती. ती डोकावून म्हणाली, "काली आहे का?" माझी बायको म्हणाली, "कृष्ण असेल, साडीतला." काका दोघींकडे बघून खूश झाले.

चित्रकार सायोना बेंजामिन. जन्म १९६० सालचा, मुंबईचा. घर बेने इस्राईल. शिक्षण आधी जोगिणींच्या आणि पारशांच्या शाळांत, मग जे.जे.मध्ये. १९८६च्या सुमारास त्या अमेरिकेला गेल्या आणि आता न्यू जर्सीत राहतात. घरचे बहुतेक लोक इस्राएलला आणि अमेरिकेला पांगलेले. निळ्या रंगाबद्दल त्या सांगत आल्या आहेत तो मुद्दा असा की, आकाश आणि समुद्र निळे, ते सगळीकडचे आणि कुठलेच नव्हेत. अमेरिकेतल्या गोऱ्या ज्यूंमध्ये सावळ्या कातडीने वावरताना आपल्याला सतत आपली ओळख समजावून द्यावी लागते, त्या प्रश्नाला कातडीनेच दिलेले हे उत्तर. बायबलमधल्या बाया त्यांनी या निळ्या रंगात आणल्या : सारा, हागार, वश्ती, लिलिथ. एका चित्रमालिकेला उर्दू नाव, 'फरिश्ते'. लिलिथचे एक चित्र तर कॉमिकच्या चौकटीसारखे, डोक्याशेजारी बोलण्याचा फुगा. अमर चित्रकथा, हिंदी सिनेमाची पोस्टरे, बायझंटाइन मूर्तिचित्रे आणि हिब्रू पोथ्यांच्या कडा हे सगळे एकाच कागदावर.

थोडक्यात, आमच्या वर्गात शिवी होते ते सगळे.

एक गोष्ट माझ्या मनात लगेच अडकली. त्यांनी चित्रकलेच्या पदवीवर दुसरी घेतली ती नाटकाच्या नेपथ्याची. म्हणजे पडदे रंगवण्याचे रीतसर शिक्षण. म्हसाच्या तंबूत मी जे गुपचूप करत होतो त्याला इलिनॉयमध्ये विद्यापीठ होते.

काकांना दाखवायची होती ती मात्र दुसरी मालिका. २०१०-११ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या भारतात आल्या आणि इथे उरलेल्या ज्यूंना भेटत हिंडल्या. त्यांच्याशी बोलल्या, त्यांचे फोटो काढले, आणि पुढे त्या फोटोंभोवती चित्र रंगवले. चेहरा फोटोतला, खराखुरा, सुरकुत्यांसकट. भोवतीचे सगळे हाताने : वेलबुट्टी, हिब्रू अक्षरे, त्या माणसाच्या गोष्टीतल्या वस्तू. मालिकेचे नाव 'फेसेस'. पुढे २०१६-१७ साली दुसरी फुलब्राइट घेऊन त्या इस्राएलला गेल्या, इथून तिथे गेलेल्यांना शोधायला.

माझे मत सांगतो. निळ्या बायांच्या काही चित्रांत प्रतीकांची इतकी गर्दी होते की एकाकडे बघावे तर दुसरे बाही ओढते. 'फेसेस'मध्ये तसे होत नाही. फोटोतला चेहरा रंगाला आवर घालतो. माणूस पडद्यापुढे उभा आहे आणि पडदा त्याच्यासाठी खास रंगवलेला आहे, हे कळते. बोरमाळ मागणारी माझी गिऱ्हाइके हेच तर मागत होती! फोटोत जे सापडले ते अपुरे आहे, आमच्याकडे जास्त माहिती आहे, ती भर घाला.

काम घेतले. पण काढण्याआधी ठाण्याला जायचे ठरवले, टेंभी नाक्याला. तिथले सिनेगॉग १८७९चे, शाअर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचे द्वार. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला मी कितीदा गेलो असेन; इतक्या जवळून जाऊनही आत पाऊल टाकले नव्हते. बाहेर पोलीस बसलेले असतात. २६/११ला नरिमन हाउसवर हल्ला झाला, तेव्हापासून मुंबई-ठाण्यातल्या सिनेगॉगांना पहारा आहे. माझे ओळखपत्र बघितले गेले, काकांनी सांगितल्यावर आत सोडले.

चित्रकाराची नजर आत गेल्याबरोबर भिंती शोधते. तिथे मूर्ती नाही, चेहरा नाही. मध्ये तेबा, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याचा चौथरा, टांगलेले दिवे, आणि जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, हेखल. त्या कपाटात तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, आणि हेखलवर भरजरी पडदा. आयुष्यभर चेहरे काढणाऱ्याला अशा जागी हात रिकामे वाटतात. मी काकांना विचारले, चेहरा चालत नाही तर आजीचा फोटो भिंतीवर कसा चालतो? ते म्हणाले, "पूजा करायची नाही, एवढंच. बघायला काय हरकत?" आणि त्यांच्या घरी नेले. तिथे दिवाणखान्यात अग्निरथातून आकाशात जाणारा संदेष्टा एलियाहू हानाबी होता. ज्वाळा, घोडे, लांब दाढी, ढग, सगळे छापील, भडक, अस्सल कॅलेंडर. बेने इस्राईल घरांत हे चित्र असतेच म्हणाले. कुठलेही शुभकार्य असले की एलियाहूच्या नावाने मलिदा होतो : भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, वर फळे. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात, तिथे नवस फेडायला जातात. संदेष्टा बायबलमधला, नवस फेडण्याची रीत कोकणातली.

त्यांच्या मोबाइलमध्ये आणखी एक खजिना निघाला. पुण्यात १८७४ साली छापलेली हग्गादा, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रूबरोबर मराठी भाषांतर असलेली. तिच्यात बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायांचे चित्र आहे. बाया नऊवारीत, जमिनीवर बसून, आपल्याकडे पापड लाटायला बसतात तशा. सायोना बेंजामिन यांच्याआधी शतकभर कुणी तरी अनाम चित्रकाराने इजिप्तमधून सुटकेची गोष्ट सांगताना शेजारचे स्वयंपाकघर काढून ठेवले होते. मी ते चित्र मोठे करून निऱ्यांची वळणे वहीत उतरवून घेतली. आजीच्या फोटोत साडीचा खालचा भाग नव्हता.

मराठीतून चाललेला हा सगळा कारभार मला नवा होता. बेन्जामिन शिमशोन अष्टमकर यांच्या पुढाकाराने १८८० साली त्यांच्यात कीर्तन सुरू झाले; कीर्तनकार उभा राहून मोशेची, दाविदाची आख्याने मराठीत लावी. 'बूट पॉलिश' सिनेमातला जॉन चाचा, डेव्हिड, आमच्या पिढीने डोक्यावर घेतलेला. त्याचे आडनाव चेऊलकर, हे काकांनी सांगितले तेव्हा मी नकाशातल्या चौलकडे नव्याने बघितले. डॉ. जेरुशा झिराड यांच्या आडनावात अलिबागचे झिराड आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा हे लोक वीस हजारांच्या आसपास होते, आता चार-पाच हजार उरले असतील. बाकीचे गेले ते बहुतेक इस्राएलला. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, काका म्हणतात, "मोजायला सोपं झाल्यावर दिला."

मग पडद्याचे भांडण सुरू झाले.

काकांची बहीण इस्राएलच्या दक्षिणेला दिमोनात असते, लग्न करून गेली त्याला पन्नासावर वर्षे झाली. व्हिडिओ कॉलवर तिने आधी मला "भाऊ, जेवलात का?" विचारले, आणि मग ठणकावले की आजीच्या मागे जेरुसलेम पाहिजे. पश्चिम भिंत, दगड, वर आकाश. काका म्हणाले, कसाऱ्याला आल्यावर आजी ठाण्याच्या पलीकडे पश्चिमेला गेली नाही. त्यांना रेल्वेची चाळ हवी होती. जमल्यास खिडकीतून घाट आणि मागचे इंजिन. बहीण म्हणाली, "इंजिन काय काढताय? ती काय ड्रायव्हर होती?" काका चिडले. मी ब्रश धुवायच्या निमित्ताने उठलो. तंबूच्या दारातले नवरा-बायको आठवत होते, पण इथे हसू येईना, कारण बहिणीची बाजू नंतर काकांनीच सांगितली.

१९६०नंतर इस्राएलमधल्या धर्मपीठाने बेने इस्राईलांच्या लग्नांवर शंका काढल्या. यांचे पूर्वज खरेच ज्यू होते का, पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन तपासा, असे फर्मान निघाले. कोकणातून शनिवारचा शब्बाथ पाळत आलेल्या माणसांना वंशावळी मागितल्या गेल्या. जेरुसलेममध्ये धरणे झाले, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला आणि संसदेला सांगावे लागले की हे लोक सर्व अर्थांनी ज्यू आहेत. बहीण गेली ती त्यानंतर, पण सासरच्यांनी ते दिवस काढले होते. तिच्या भिंतीवर लागणाऱ्या चित्रात जेरुसलेम हवे होते, कारण तिथे तो प्रश्न विचारला गेला होता. ठाण्यात काकांना कुणी तसा प्रश्न विचारला नाही; इथे त्यांना उलट 'ज्यू म्हणजे ख्रिश्चनांपैकीच ना?' एवढेच ऐकावे लागते. त्यामुळे त्यांना कसारा हवा होता.

त्या दिवसांत मी एकदा नाणेघाटात गेलो. मुरबाडकडच्या बाजूने, वैशाखरेहून चढून. शाळेत असताना मुलांना घेऊन जात असे, आता नातीला दाखवायचे होते. वर लेण्यात, मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे उठावातले पुतळे होते, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचे. आपल्याकडची सगळ्यात जुनी व्यक्तिचित्रांची रांग म्हणावी तर हीच. आज पुतळे नाहीत. काहींच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पण ज्याच्या-त्याच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव कोरलेले आहे ते राहिले : सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, कुमार. शेजारच्या भिंतींवर राणीने केलेले यज्ञ आणि दिलेली दाने, गायी, हत्ती, कार्षापणे, आकड्यांसकट. कल्याण बंदरातला माल याच वाटेने वर जाई.

कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात बाया आणि सात पुरुष नवगावला लागले, ही बेने इस्राईलांची परंपरेने चालत आलेली कथा. ते कधी, यावर पंडितांत एकमत नाही. कुणी दोन हजार वर्षे मागे नेतात, कुणी अलीकडे आणतात. मला लेण्यात उभे असताना त्यांच्या आडनावांतली गावे आठवत होती. पेझारी, नवगाव, रोहा, पेण, किहीम. गावात घर उरले नाही, पण गावाचे नाव दिमोनात टपालपेटीवर आहे. नात म्हणाली, "आजोबा, नुसती नावं ठेवून काय उपयोग, तोंड कसं होतं ते कुठे कळतंय?" तिच्या दहावीच्या वयाला तो प्रश्न शोभणारा होता. मी तिला म्हटले, मोजलेल्या गायींवरून अंदाज कर.

उतरून आल्यावर मी चित्र सुरू केले. काकांच्या आठवणींची यादी केली आणि त्यांतल्या कशावर उजेड पडतो ते बघितले. पेल्यातला दिवा. पाण्यावर तेल, तेलावर ज्योत, आणि काचेतून उजेड खालच्या बाजूने चेहऱ्यावर येणार, हनुवटीखाली आणि नाकाच्या पाळीवर. दिव्याचा उजेड चेहऱ्यावर कसा घ्यावा याचा वस्तुपाठ आमच्या पिढीला सा. ल. हळदणकरांनी घालून दिलेला आहे; मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली त्यांची समई धरलेली बाई बघायला मी नोकरीत असताना मुद्दाम गेलो होतो. पण तो जलरंगाचा चमत्कार. माझ्या तैलरंगात पहिला उजेड पिवळा पडला, मग जळका सिएना घालून खाली आणला.

मागे भिंत काढली. रेल्वेच्या चाळीची, चुन्याची, ओल आलेली. भिंतीवर एलियाहूच्या रथाचे चित्र, खिळ्याला टांगलेले, कॅलेंडर ते कॅलेंडरच, भडक. जे रंग मी आयुष्यभर टाळले, तो गुलाबी आणि तो पोपटी, ते तिथे जसेच्या तसे लावले आणि लावताना फार मजा आली. खिडकी काढली, खिडकीत घाट. इंजिन नाही, त्याबाबत बहिणीचे बरोबर होते. जेरुसलेमही नाही. खिडकी तेवढी पश्चिमेला केली, म्हणजे संध्याकाळचा थंड निळा उजेड एका बाजूने येईल आणि दिव्याचा तांबूस दुसऱ्या. काकांनी पहिल्यांदा बघितले तेव्हा चेहऱ्याकडे नंतर आणि पेल्याकडे आधी बघितले. "पाणी अर्ध्याच्या वर होतं," म्हणाले. मी पाणी वाढवले.

दिमोनाची प्रतिक्रिया आली ती नथीवर. आजी नथ डाव्या नाकपुडीत घालायची की उजव्या, यावर भाऊ-बहीण अर्धा तास बोलले. फोटो उलटा छापला गेला असेल, हा तिचा मुद्दा. जेरुसलेमचा विषय तिने काढला नाही. शेवटी म्हणाली, "एक कॉपी मला. मोठी. आणि खालती नाव मराठीत लिवा, हिब्रूत पोरं लिहितील." तिकडे मराठी मंडळी 'मायबोली' नावाचे मराठी त्रैमासिक चालवत आली आहेत, तिच्या घरी येते, नातवंडांना ते वाचता येत नाही.

ती कॉपी करत असताना पहिले चित्र वाळायला माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते. खर्डीकडचा एक ठाकर गडी आला, आईच्या आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन. बराच वेळ चित्राकडे बघत राहिला.

"ही कुठली?"

"कसाऱ्याची. रेल्वेच्या चाळीतली."

"आमची आय मोल्या विकाया जायची तिथं. चालीत." मग म्हणाला, "हिच्या मागं घर काढलंस. आयच्या मागं काय काढशील?"

माझ्याकडे तयार पडदे आहेत : डोंगर, देऊळ, कमळांचे तळे. ते न दाखवता मी त्याला बसायला सांगितले आणि विचारले, आई मोळी घेऊन निघायची किती वाजता? जंगल कुठले? डोक्यावर चुंबळ कशाची? तो सांगत गेला. करवंदांच्या दिवसांत मोळीबरोबर करवंदांचे द्रोण, पावसात रानभाजी, आणि चाळीतल्या कुठल्या दारात पाणी प्यायला मिळायचे ते. मी वहीत मोळीचा आकार काढून बघितला.

"मोलीच काढ," तो म्हणाला. "थांब, भावाला इचारतो."

भाऊ भिवंडीला गोदामात कामाला असतो. हा बाहेर ओट्यावर जाऊन फोनवर मोठमोठ्याने बोलू लागला. भावाला मोळी नको होती, त्याला आईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ हवी होती.